एक नोंद, दोन दप्तरे



सातबाराचा उतारा काढायला वडिलांबरोबर तालुक्याच्या गावी तुम्ही कधी गेला असाल, तर ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य तुमच्या चांगल्या परिचयाचे असेल. दारव्ह्याला जा, पांढरकवड्याला जा, वणीला जा, वाक्य तेच. वीस किलोमीटरवरून एस. टी.ने आलेला, दिवसाची मजुरी बुडवून बसलेला माणूस पीककर्जाच्या कागदासाठी खिडकीपाशी थांबलेला असतो आणि आतला मुलगा पडद्याकडे बोट दाखवतो. अशा वेळी माझे विद्यार्थी मला हमखास एक प्रश्न विचारतात. ‘सर, एक सर्व्हर बिघडतो हे ठाऊक आहे ना, मग दुसरा तयार का ठेवत नाहीत?’

प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर असे की, महत्त्वाच्या ठिकाणी दुसरा ठेवतात. पुष्कळदा तिसराही ठेवतात. आणि खरी गुंतागुंत तिथूनच सुरू होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये देशातला सर्वांत मोठा शेअर बाजार चार तासांहून अधिक काळ बंद पडला, तो सर्व्हर एकच होता म्हणून नव्हे. दुसऱ्या जागी प्रत ठेवण्याची जी व्यवस्था होती, तिच्यातूनच ते संकट उद्भवले. ती हकिगत पुढे येईलच. आधी मूळ गोष्ट नीट समजावून घेऊ.

सर्व्हर म्हणजे इतरांच्या मागणीप्रमाणे माहिती देणारा संगणक. त्याची स्मरणशक्ती दोन प्रकारची असते. एक तात्पुरती, वीज गेली की पुसली जाणारी. दुसरी कायमची, म्हणजे डिस्क. जुन्या पद्धतीच्या डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेली चकती मिनिटाला ७२०० फेरे घेत असते आणि तिच्यावरून, केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतर राखून, वाचणारे टोक फिरत असते. नव्या पद्धतीच्या डिस्कमध्ये फिरणारे काही नसते, पण तिच्यातील पेशी पुन्हा पुन्हा लिहून झिजतात. दोन्ही प्रकार आज ना उद्या दगा देतात. मोठ्या केंद्रांचा अनुभव असा की, शंभर डिस्कमागे वर्षाला एखाद-दुसरी निकामी होते. घरच्या संगणकाला हे प्रमाण क्षुल्लक वाटेल. पण हजार डिस्क असलेल्या केंद्रात त्याचा अर्थ दर महिन्याला एक तरी डिस्क जाणार, असा होतो. तेव्हा प्रत हवी, याबद्दल वाद नाही.

कोतवालाच्या हाती चिठ्ठी

आता असे समजा की, काळ हस्तलिखित सातबाराचा आहे. अडाण नदीच्या अल्याड एक तलाठी आहे आणि पल्याड दुसरा. (तलाठ्याचे पदनाम २०२४ मध्ये बदलून ग्राम महसूल अधिकारी असे झाले, पण आपण जुनाच शब्द वापरू.) दोघांकडे एकाच गावाची तीच ती वही आहे, पानापानाने सारखी. असे प्रत्यक्षात नसते. हा आपल्या कल्पनेतला प्रयोग आहे. नियम एवढाच की, अल्याडच्या वहीत जे लिहिले जाईल ते पल्याडच्या वहीतही त्याच पानावर, त्याच ओळीवर लिहिले गेले पाहिजे. मधला निरोप कोतवाल नेतो.

एक शेतकरी फेरफाराची नोंद करायला अल्याडच्या तलाठ्याकडे आला. तलाठ्याने नोंद लिहिली. आता ‘झाले, तू घरी जा’ असे त्याने केव्हा म्हणावे?

तो तीन वेळी म्हणू शकतो. पहिली वेळ, स्वतःच्या वहीत लिहून चिठ्ठी कोतवालाच्या हाती दिली की लगेच. दुसरी, चिठ्ठी पल्याडच्या तलाठ्याच्या टेबलावर पोचल्याचा निरोप आला की. तिसरी, पल्याडच्याने आपल्या वहीत नोंद करून तशी सही परत पाठवली की. पहिल्या पद्धतीत शेतकऱ्याचा वेळ वाचतो, पण कोतवाल वाटेत असताना अल्याडचे दप्तर जळाले तर नोंद कुठेच उरत नाही आणि शेतकरी मात्र निर्धास्त घरी बसलेला असतो. तिसऱ्या पद्धतीत धोका नाही, पण ताटकळणे आहे. दुसरी या दोहोंच्या मधली.

डिस्कच्या बाबतीतही नेमक्या ह्याच तीन पद्धती आहेत. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना तांत्रिक विद्यापीठात फिलिप राइसनर ह्या विद्यार्थ्याने २००० सालाच्या सुमारास आपल्या पदविका-प्रबंधासाठी एक प्रणाली लिहिली. तिचे नाव डीआरबीडी. दोन संगणकांतील दोन डिस्क जाळ्यातून जोडून एकीवर लिहिलेले दुसरीवर जसेच्या तसे उमटवणे, हे तिचे काम. तिच्यात ह्या तीन पद्धतींना ए, बी आणि सी अशी साधी नावे आहेत. २०१० साली लिनक्सच्या गाभ्यात तिचा समावेश झाला. ती विनामूल्य आहे. वहीत काय लिहिले आहे हे तिला समजत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. ती शहाणी नाही, नुसती इमानी आहे. ‘अमुक क्रमांकाच्या चौकटीत अमुक खुणा’ एवढेच ती जाणते. चुकीची नोंदही ती तितक्याच इमानाने पल्याड पोचवते. म्हणून अशी जिवंत प्रत असली तरी रोजची वेगळी, बाजूला काढून ठेवलेली प्रत लागतेच. पुष्कळ शिकलेली माणसेदेखील ह्या दोहोंत गल्लत करतात.

प्रकाशाची मर्यादा

सगळ्यांनी तिसरीच पद्धत का वापरू नये? इथे माझा विषय, म्हणजे भौतिकशास्त्र, आडवा येतो.

काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. निर्वातातील वेगाच्या हा दोनतृतीयांश, कारण काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५ असतो. मुंबई ते चेन्नई हे सरळ रेषेतील अंतर सुमारे १०३० किलोमीटर आहे. म्हणजे जायला-यायला २०६० किलोमीटर, आणि त्यासाठी किमान दहा मिलिसेकंद. तार सरळ रेषेत पुरलेली नसते, म्हणून प्रत्यक्षात वेळ जास्तच लागतो. एका नोंदीचे उत्तर आल्यावाचून पुढची नोंद घ्यायची नाही असे ठरवले, तर सेकंदाला जास्तीत जास्त शंभर नोंदी होतील. यंत्र कितीही महाग घ्या, आकडा हलणार नाही. यवतमाळ ते मुंबई हे अंतर घेऊन हे गणित तुम्ही स्वतः करून पाहा. सरळ रेषेत ते ५७० किलोमीटरच्या आसपास आहे.

पूर्वी हे कोणाला खटकत नसे, कारण डिस्कच मुळात संथ होती. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा टोकाखाली येण्यातच सरासरी चार मिलिसेकंद जात. नव्या डिस्क त्याच्या कित्येक पट चपळ झाल्या आणि प्रकाश मात्र होता तिथेच राहिला.

मग अंतर कमी करायचे. दुसरी प्रत ५ किलोमीटरवर ठेवली तर जाऊन येण्याचा वेळ ०.०५ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला वीस हजार फेऱ्या. पण ५ किलोमीटरवरची प्रत पुरात किंवा भूकंपात पहिलीबरोबरच जायची. म्हणून जिथे पैशाचा आणि माणसांचा प्रश्न आहे तिथे तीन जागा करतात. एक मुख्य, एक जवळची आणि एक दूरची. जवळच्या प्रतीशी तिसऱ्या पद्धतीचा व्यवहार, दूरच्या प्रतीशी पहिल्या पद्धतीचा. जवळची प्रत एकही नोंद हरवू देत नाही. दूरची प्रत दोन पावले मागे असते, पण सुरक्षित असते.

२४ फेब्रुवारी २०२१

नॅशनल स्टॉक एक्सचेंजची रचना अशीच होती. मुख्य केंद्र मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात, जवळचे केंद्र कुर्ल्यात आणि दूरचे चेन्नईत. मुख्य आणि जवळच्या केंद्रांमध्ये एक नव्हे, दोन निरनिराळ्या कंपन्यांचे दुवे होते. एकाचा तुटला तर दुसऱ्याचा चालावा, हा हेतू.

त्या दिवशी, एक्सचेंजने नंतर केलेल्या खुलाशानुसार, दोन्ही कंपन्यांचे दुवे डळमळीत झाले. मुख्य कारण काय, तर दोन केंद्रांच्या मधल्या रस्त्यावर चाललेले खोदकाम आणि बांधकाम! कागदावर दोन मार्ग निराळे असतात, पण कुदळीला ते ठाऊक नसते. आपल्याकडे रस्ता रुंद होताना जे होते, तेच देशाच्या आर्थिक राजधानीतही झाले.

तरीही एवढ्याने काही बिघडायला नको होते. आपल्या तलाठ्याकडे परत येऊ. पूर आला, कोतवाल पलीकडे जाऊ शकत नाही. अल्याडच्या तलाठ्याने काय करावे? उघड आहे. ‘आजपुरता मी एकटा’ असे ठरवून त्याने नोंदी घेत राहावे, आणि पूर ओसरला की राहिलेल्या नोंदी पल्याड पाठवाव्यात. एक्सचेंजच्या डिस्कव्यवस्थेनेही हेच करणे अपेक्षित होते. पण दुवे साफ तुटले नव्हते, लटपटत होते, आणि त्या अवस्थेत डिस्कव्यवस्था अपेक्षेप्रमाणे वागली नाही. मुख्य केंद्रातल्या डिस्क मुख्य केंद्रातल्याच सर्व्हरना मिळेनाशा झाल्या. पल्याडचा निरोप मिळत नाही म्हणून अल्याडच्या तलाठ्याने स्वतःचेही दप्तर मिटून घ्यावे, त्यातला हा प्रकार.

सौदे करणारे यंत्र ठीक होते. परंतु प्रत्येक सौद्यामागे पुरेशी रक्कम आहे की नाही हे पाहणारी जोखीम-नियंत्रणाची यंत्रणा त्या डिस्कवर अवलंबून होती. ती बंद असताना बाजार चालवणे म्हणजे ब्रेक नसलेली गाडी घाटात सोडणे. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी व्यवहार थांबवण्यात आले. ते पुन्हा सुरू झाले दुपारी ३.४५ला आणि ५ वाजेपर्यंत चालले. एरवी बाजार ३.३०ला मिटतो. वेळ वाढवून मिळेल याची कल्पना नसल्याने पुष्कळांचे सौदे त्याआधीच मुंबई शेअर बाजारात, मिळेल त्या भावाने मिटवले गेले होते.

तुटलेला दुवा हाताळणे सोपे, लटपटणारा फार अवघड, हे ह्या घटनेत स्पष्ट दिसते. विजेच्या लपंडावाने पंखा बिघडत नाही पण मोटार जळते, हे आपल्याकडच्या ओलिताच्या शेतकऱ्याला सांगायला नको.

मग चेन्नईला का गेले नाहीत? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. मार्च २०२१ मध्ये सेबी ह्या नियामक संस्थेने नियम केला की, महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांत ‘आपत्ती’ जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत दूरच्या केंद्रावरून काम सुरू करायचे. पुढे २ मार्च २०२४ रोजी, शनिवारी, एक्सचेंजने मुद्दाम बाजार उघडला. सकाळी ९.१५ ते १० मुख्य केंद्रावरून आणि ११.३० ते १२.३० दूरच्या केंद्रावरून, खरे सौदे, खरा पैसा. आगीच्या बंबाची तालीम घेतात तसे. दुसरी प्रत आहे एवढे म्हणून भागत नाही, तिच्यावर उभे राहून पाहावे लागते.

गप्प बसलेला म्हणजे मेलेला नव्हे

आता उलट बाजूने विचार करा. तुम्ही पल्याडचे तलाठी आहात. अल्याडहून रोज सकाळी ‘मी आहे’ असा निरोप येतो. सर्व्हरही एकमेकांना असा निरोप दर सेकंदाला पाठवत असतात. त्याला हृदयाचे ठोके म्हणतात. आज निरोप आला नाही. अल्याडचा तलाठी आजारी पडला, की फक्त कोतवाल अडकला? पहिले खरे असेल तर काम तुम्ही हाती घ्यायला हवे. दुसरे खरे असेल तर तुम्ही वहीला हात लावता कामा नये, कारण अल्याडही नोंदी चालूच आहेत. तुम्हाला दिसते ते दोन्ही वेळा अगदी सारखे. शांतता!

चुकीचा अंदाज केला तर काय होईल? सकाळी अल्याडच्या वहीत एक शेत एकाच्या नावे चढले, दुपारी पल्याडच्या वहीत तेच शेत दुसऱ्याच्या नावे. पूर ओसरल्यावर दोन्ही वह्या समोरासमोर ठेवल्या, तर दोन्ही खऱ्या आणि दोन्ही खोट्या. कोणती फाडायची? संगणकाच्या परिभाषेत ह्याला मेंदू दुभंगणे म्हणतात. डिस्क जळण्याहून हे वाईट, कारण जळलेली डिस्क निदान खोटे बोलत नाही.

२१ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेत गिटहब ह्या, जगभरच्या संगणक-लेखकांची कामे सांभाळणाऱ्या संस्थेत, पूर्व किनाऱ्यावरचा दुवा ४३ सेकंद तुटला. फक्त ४३ सेकंद. तेवढ्यात व्यवस्थेने आपणहून पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रतीला मुख्य ठरवले. पूर्वेकडच्या काही नोंदी पश्चिमेकडे पोचलेल्या नव्हत्या आणि आता पश्चिमेकडे नव्या नोंदी पडू लागल्या. दोन्ही वह्या जुळवून सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली.

निरोपांची संख्या वाढवून हा प्रश्न सुटेल, असे तुम्हाला वाटते का? वर्गात करून पाहा. दोन मुलांना दोन खोल्यांत बसवा. दोघांनी मिळून ठरवायचे आहे की, उद्या नवे दप्तर सुरू करायचे. केले तर दोघांनी, नाही तर कोणीच नाही. तिसरा मुलगा चिठ्ठ्या नेईल, पण प्रत्येक चिठ्ठीसाठी तो नाणे उडवील. छापा पडला तर चिठ्ठी पोचवील, काटा पडला तर फाडून टाकील. ‘उद्या सुरू करू’ ही चिठ्ठी गेली. ती पोचली हे पहिल्याला कसे कळावे? दुसऱ्याने ‘मिळाली’ असे लिहावे. पण ‘मिळाली’ ही चिठ्ठी पोचली हे दुसऱ्याला कसे कळावे? पहिल्याने ‘तुझी मिळाली मिळाली’ असे लिहावे... मुले हसू लागतील, पण शेवट येणार नाही.

शेवट येऊच शकत नाही, हे १९७५ साली अक्कोयुनलू, एकनाधम आणि ह्यूबर ह्या तिघांनी दाखवले. सिद्धता तुमच्या आवाक्यातली आहे. समजा, काही ठरावीक चिठ्ठ्यांत खात्रीने काम होते, आणि त्यांतला सर्वांत कमी संख्येचा मार्ग आपण निवडला. त्यातली शेवटची चिठ्ठी घ्या. ती पोचली की नाही हे पाठवणाऱ्याला कळत नाही, तेव्हा ती पोचली काय आणि न पोचली काय, तो तसाच वागणार. काम खात्रीचे असल्याने घेणाऱ्यानेही तिच्यावाचून बरोबरच वागले पाहिजे. म्हणजे ती चिठ्ठी अनावश्यक. पण मग आपला मार्ग सर्वांत कमी चिठ्ठ्यांचा नव्हताच! ह्या विसंगतीतून सुटका नाही.

दोघांत जे होत नाही ते तिसरा आला की पुष्कळसे साधते. तिसऱ्याकडे वही असलीच पाहिजे असे नाही. त्याला फक्त मत हवे. नियम असा: निम्म्याहून अधिक जण ज्याच्या बाजूला, त्यानेच लिहायचे. ज्याच्याजवळ गणपूर्ती नाही त्याने, आपण जिवंत असलो तरी, लेखणी खाली ठेवायची. ग्रामसभेची गणपूर्ती आणि ही गणपूर्ती ह्यांत एक फरक आहे. इथे निम्म्याहून अधिक हे अटळ आहे. पाच जणांतून तीन-तीन जणांचे दोन गट करून पाहा. तीन आणि तीन सहा, माणसे पाचच, तेव्हा एक जण तरी दोन्ही गटांत येणारच. एका माणसाने एकच मत द्यायचे असल्याने दोन गट एकाच वेळी गणपूर्ती मिळवू शकत नाहीत. लेस्ली लॅम्पोर्ट ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने ह्या कल्पनेवर उभारलेली पद्धत पॅक्सॉस ह्या नावाने १९९८ साली प्रसिद्ध केली, तीही एका ग्रीक बेटावरच्या काल्पनिक संसदेची गोष्ट म्हणून. त्याला २०१३ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

हा तिसरा साक्षीदार खरोखरच वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या विजेवर आणि वेगळ्या तारेवर हवा. पुष्कळ ठिकाणी तो दोघांपैकी एकाच्याच शेजारी, त्याच विजेच्या बोर्डावर बसवलेला असतो. असा साक्षीदार असून नसून सारखाच.

मत जिंकल्यावरही एक काम उरते. हरलेल्याला आपण हरलो हे कळले नसेल तर? त्याचा संगणक काही सेकंद गोठला असेल, मग जागा होऊन तो हातातली अर्धी नोंद पुरी करू पाहील. म्हणून जिंकलेल्याने आधी हरलेल्याची वीजच तोडायची, आणि वीज तुटल्याची खात्री झाल्यावरच लिहायला घ्यायचे. ह्याला कुंपण घालणे म्हणतात. रोही आणि रानडुकरे शेतात शिरू नयेत म्हणून आपण घालतो तसेच. लिनक्सवाल्यांनी ह्या युक्तीला ‘स्टोनिथ’ असे आद्याक्षरांचे नाव दिले आहे. त्याचा अर्थ ‘समोरच्याच्या डोक्यात गोळी घाला’ असा होतो. नाव रानटी आहे, कारण मात्र चोख आहे.

दोघांनीही लिहायचे असेल तर

आतापर्यंत एक लिहिणारा आणि एक तयारीत बसलेला, असे आपण धरले. पण दुसरा संगणक नुसता बसवून ठेवणे अनेकांना परवडत नाही. दोघांनीही एकाच वेळी त्याच नोंदी लिहाव्यात, म्हणजे खिडकीपुढची रांग निम्मी होईल, असा विचार येतो.

डिस्क दोन्हीकडे सारखी आहे, मग अडचण कुठे? अडचण डोक्यात आहे. चांगला तलाठी दर वेळी पूर्ण वही चाळत नाही. ‘४७वे पान कोरे आहे’ हे त्याच्या ध्यानात असते. संगणकही तेच करतो. डिस्कवर कोणती चौकट रिकामी, कोणती भरलेली, ह्याची यादी तो तात्पुरत्या स्मरणात ठेवतो. ह्या कारभाराला फाइल सिस्टिम म्हणतात. आता दोन्ही तलाठ्यांच्या ध्यानात आहे की ४७वे पान कोरे. एकाने त्यावर वारसाची नोंद लिहिली, त्याच क्षणी दुसऱ्याने बोजाची. डीआरबीडी बिचारी इमाने दोन्ही नोंदी इकडून तिकडे नेते आणि पानाचा चिखल होतो. साधी फाइल सिस्टिम दोन संगणकांवर एकाच वेळी उघडली की काही मिनिटांत अशी नासाडी होते, आणि ती बहुधा उशिरा लक्षात येते.

ह्यावर उपाय रेल्वेने विजेच्या काळाच्या आरंभीच शोधला होता. मूर्तिजापूर-यवतमाळ ही आपली ‘शकुंतला’ एकेरी रुळाची होती. शेवटच्या काळात तिच्यावर गाडीच एक, तेव्हा टक्कर व्हायची कोणाशी? पण जिथे एकेरी रुळावर दोन्ही बाजूंनी गाड्या येत, तिथे चालकाला पोलादी गोळा मिळाल्यावाचून तो गाडी पुढे नेत नसे. दोन्ही स्थानकांवरची गोळ्यांची यंत्रे विजेने अशी जोडलेली की, एक गोळा बाहेर निघाला की दुसरा कोणत्याच टोकाला निघत नाही. गोळा एक, म्हणून रुळावर गाडी एक.

एकाच डिस्कवर अनेक संगणकांना लिहू देणाऱ्या फाइल सिस्टिममध्ये असेच गोळे असतात. त्यांना कुलपे म्हणतात. एका पानाला एक कुलूप. वाचायला कितीही जण चालतात, लिहायला एकच. आणि लिहिणाऱ्याने कुलूप सोडले की बाकीच्यांनी त्या पानाबद्दलची आपली आठवण पुसून पान पुन्हा वाचायचे. ओरॅकल कंपनीची ओसीएफएस२ आणि अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातल्या कामातून वाढलेली जीएफएस२ ह्या अशा दोन प्रणाली २००६ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आल्या. डीआरबीडीच्या दोन्ही डिस्क लिहित्या ठेवून वर यांपैकी एक बसवता येते. अट अशी की, पद्धत तिसरीच हवी आणि कुंपण हवेच हवे.

मला विचाराल तर, शाळा, पतसंस्था, तालुक्याचे रुग्णालय अशा ठिकाणी हा खटाटोप करू नये. प्रत्येक कुलपासाठी निरोपांची ये-जा होते. दोघे एकाच पानासाठी भांडू लागले की एकट्याने झाले असते त्याहूनही काम सावकाश होते. एकाने लिहावे, दुसऱ्याने तयारीत राहावे, तिसऱ्याने साक्ष द्यावी, एवढे पुष्कळ झाले. जिथे अनेक संगणकांना तीच फाइल खरोखरच एकदम लागते, तिथे गोष्ट वेगळी.

गोळा हातात असलेला संगणकच मेला तर? त्याचा गोळा दुसऱ्याला देण्यापूर्वी तो खरोखर मेला आहे याची खात्री हवी, नाहीतर रुळावर दोन गाड्या. म्हणून कुंपण पक्के होईपर्यंत, मेलेल्याची अर्धवट नोंद तपासून पुरी किंवा रद्द होईपर्यंत, उरलेले सगळे संगणक लिहिणे थांबवतात. यंत्रे चालू असतात, वीज असते, डिस्क शाबूत असते, तरी कोणी लिहीत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला पडद्यावर फक्त गोल फिरणारे चक्र दिसते, आणि खिडकीतला मुलगा म्हणतो, सर्व्हर डाऊन आहे. दर वेळी कारण हेच असते असे नाही, बहुतेक वेळा ते तुटलेल्या तारेसारखे साधेच असते. पण व्यवस्था नीट बसवलेली असेल तर ही थांबण्याची वेळ अर्ध्या-एक मिनिटाची असते, आणि तेवढ्या वेळात ४७व्या पानावर एकच नाव राहील याची तजवीज चाललेली असते.